स्लॅबचा हप्ता

नगरपालिका गरिबाला घर बांधायला पैसे देते, पण एका दमात देत नाही. आधी जुनी खोली पाडा, मग जोत्याचा हप्ता. भिंती उभ्या करा, मग स्लॅबचा. दर वेळी इंजिनिअर साहेब येणार, घर ज्याच्या नावावर त्याला बांधकामापुढे बसवून मोबाइलवर फोटो काढणार, तेव्हा कुठे पैसा हलणार. या घरात नाव म्हातारीचं होतं आणि सगळा रेटा तिच्या सुनेचा.

जोत्याच्या फोटोची म्हातारीला कोण हौस! "लग्नात नाही काढला कुणी माझा फोटो, आता सरकार काढतंय," असं ती गल्लीभर सांगून आली होती. तेव्हा ती चालत होती.

भिंती झाल्या आणि सगळं ठप्प झालं. घरांसाठी ठेवलेला पैसा पालिकेने मोठ्या रस्त्यावरच्या दिव्यांकडे वळवला. दिवे लागले, छान दिसतात, कोण नाही म्हणतंय? इकडे वर ताडपत्री बांधून म्हातारी, मुलगा आणि सून अशी तिघं उघड्या भिंतींच्या आत राहत होती. जुन्या खोलीला निदान पत्रा होता. तो यांनी आपल्याच हाताने उतरवून विकला होता. थंडीत म्हातारीच्या छातीत कफ भरला तो हटेना. सून कचेरीत खेटे घालून थकली. नवरा रंगारी. दिवसभर दुसऱ्यांची छतं पांढरी करून यायचा आणि ताडपत्रीखाली गुपचूप जेवायचा.

शेवटी काल इंजिनिअरचा फोन आला. "थोडा पैसा परत मिळालाय. पण उद्या वर्षाचा हिशेब बंद होतोय, त्याआधी फोटो गेला नाही तर हाही हातचा जाईल. अकरापर्यंत येतो. आजींना तयार ठेवा."

आणि आज सकाळी सून चहा घेऊन गेली, तर म्हातारी गार पडलेली.

नवऱ्याने तोंड उघडलं, तेवढ्यात तिने त्यावर हात दाबला. एक हंबरडा फुटला असता तर अख्खी गल्ली दारात आली असती. मग वारसाचं नाव लावा, नव्याने अर्ज करा, नव्याने चौकशी. तोवर पैसा कुठल्या दिव्यात जाईल कोण जाणे.

"साहेब येऊन जाऊ देत," ती म्हणाली.

"अगं, माझी आई आहे ती!"

"आणि माझी कोण होती?"

दोघांनी ताडपत्री जरा सरकवून म्हातारीला आतच भिंतीपुढे खुर्चीत बसवलं. कपडे वाळत घालायची दोरी सोडून कमरेला बांधली, वर शाल पांघरली. सुनेने केस विंचरले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा डोळ्यांवर चढवला. तिला स्वतःची किळस आली, पण हात थांबले नाहीत.

इंजिनिअर घामाघूम होऊन आला. "काय आजी, बऱ्या आहात ना?"

"झोप लागलीय त्यांना. रात्रभर खोकत होत्या," सून म्हणाली. खोकल्याचं तरी खरं होतं.

"चष्मा काढा. चेहरा दिसला पाहिजे."

ती जागची हलली नाही. मग तो स्वतःच पुढे झाला. चष्म्याला हात घातला, बोटं गालाला लागली आणि तो तसाच थांबला. त्याने भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या म्हातारीच्या मुलाकडे पाहिलं. सुनेने नुसते हात जोडले.

त्याने चष्मा हलकेच नीट बसवला. "राहू द्या. ऊन फार आहे." मागे सरकून त्याने फोटो काढला.

निघताना तो दारात, म्हणजे जिथे दार बसायचं होतं तिथे, थांबला. "फोटोवर आजची तारीख पडते," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या कागदावर हीच तारीख आली तर चौकशी लागेल, हप्ता अडकेल. लोकांना काय सांगायचं ते उद्या सांगा."

तो गेला, तशी शेजारीण आपल्या दारातून डोकावली. "झाला का गं फोटो?"

"झाला. पडल्यात आता जरा."

आत नवरा आईच्या पायाशी बसला होता, शर्टाची बाही दातांत धरून.

"गेला ना तो?" त्याने विचारलं. "आता रडू?"

तिने त्याचं डोकं पोटाशी घट्ट धरलं.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या उजाडलं की मी ओरडेन. मग तुम्ही रडा."