महिपतीची गाडी मागे जाईना

महिपतीने मुंबईच्या दलालाकडून जुनी अमेरिकन गाडी घेतली, तेव्हा निम्मं बदलापूर बघायला आलं होतं. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप बदलत. पण गेला आठवडाभर ती फक्त पुढे जात होती. दांडा रिव्हर्सच्या ‘आर’वर नेला की इंजिन नुसतं गुरगुरायचं.

आणि आज संध्याकाळी त्याच्या पुतणीचं, तुळशीचं लग्न. नवरदेव उल्हासनगर कॅम्प पाचमधला, घर बंद बोळाच्या टोकाला. त्याला गाडीतून आणायचा शब्द महिपतीने दिलेला.

“आत शिराल, शेठ. बाहेर काय वऱ्हाड ढकलणार?” अंबरनाथहून आलेला मेकॅनिक हिंदुराव म्हणाला.

“टिंगल नंतर. गिअरबॉक्स खोल.”

“खोलला तर नवरदेव रिक्षातून येईल. आधी तेल बघू.”

इंजिन चालू ठेवून त्याने गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली. तेल लाल, पातळी बरोबर. त्याने ते हुंगलं. “जळका वास नाही. दांडा पार्किंगच्या ‘पी’वर ठेवल्यावर गाडी जागेवर राहते?”

“कुठे! चाकाखाली दगड लावतो.”

“हे आत्ता सांगताय? आजी, मागे उभ्या राहा. रिव्हर्सचा पांढरा दिवा लागला तर ओरडा.”

महिपतीची आई कौसाबाई अंगणातल्या तुळशीवृंदावनाला टेकून उभ्या राहिल्या. वृंदावनाच्या एका कोपऱ्याचं सिमेंट नवं होतं. हिंदुरावने दांडा ‘आर’वर नेला.

“नाय लागं.”

“म्हणजे दांडा ‘आर’वर, गिअरबॉक्स मात्र न्यूट्रलमध्येच. आत बिघाड नसेल. मधला रॉड पोचत नाहीये.” हिंदुराव गाडीखाली सरकला. थोड्या वेळाने खालून हसू ऐकू आलं. “शेठ, रॉड गाडीच्या चासीला तारेने बांधलाय. पुढच्या गिअरला सरकतो, मागच्याला नाही. तारेत लिंबू आणि मिरच्या!”

महिपतीने आईकडे पाहिलं.

“काय बघतंस? गारी मागं घेताना माजी तुलस फोरलीस. परत मागं येव नये म्हनून बांधला.”

“लागू पडलं की, आजी! एवढी खात्री मीपण देत नाही.”

तार कापली. दिवा लागला, गाडी हलली. कौसाबाई दोन्ही हात पसरून वृंदावनापुढे उभ्या राहिल्या.

“आये, बाजूला हो!”

“तू ये मागं. मी हालायची नाय.”

महिपतीने घाम पुसत, वीतवीत मागे घेत गाडी वळवली.

संध्याकाळी गाडी नवरदेवाच्या बोळातून सरळ मागे बाहेर आली. मुंडावळ्यांमधून नवरदेवाला आपलंच घर लांब लांब जाताना दिसत होतं. मागच्या सीटवरून कौसाबाई ओरडत होत्या, “हलू! कुनाच्या दारात तुलस असंल!”