बापाची हनुवटी

शेषराव पाटलांना हनुवटी नव्हती. म्हणजे होती, पण ओठाखालून जी मागे सरायची ती थेट गळ्यातच जाऊन बसायची. एरवी देऊळघाटात तोंडावर कुणी बोलत नसे. सगळी कसर पोळ्याला निघायची. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमण्यांची गाणी, सुरू व्हायच्या, आणि झडतीतून कुणालाही काहीही सुनवायची गावाला मुभा. चुलतभाऊ उकंडराव दर साली तीच म्हणायचा:

"पाटलाच्या फेट्याले जरीचा काठ,
ओठाखाली थेट गळ्याशी गाठ!"

गाव पोट धरून हसायचं. वडील भगवानरावांच्या मागे मानाची जोडी शेषरावांची, तोरण तोडायचा हक्क तिचाच. पण त्या हशातून जोडी हाकताना त्यांच्या अंगाची लाहीलाही व्हायची. उकंडरावाचा डोळा त्या मानावरच आहे, हे ते पुरतं जाणून होते. एका वर्षी त्यांनी ठरवलं, हे थोबाडच बदलायचं.

आई अन्नपूर्णाबाईंनी ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. नवऱ्याशी भांडून त्या सोनाळ्याला माहेरी गेल्या होत्या, दिवस गेल्याचं तिथंच कळलं. पोर कुणाचं, यावरून भाऊबंदांनी काय कमी गरळ ओकली? भगवानराव बघायला गेले, पोराची हुबेहूब आपल्यासारखी हनुवटी पाहिली आणि दोघांना गाडीत घालून घरी आणलं. गाव गप्प बसलं.

"त्या हनुवटीनं माह्यी अब्रू राखली," त्या म्हणाल्या. "तिले हात लावू नको."

"तुह्या अब्रूपायी मी जल्मभर हसं करून घेऊ काय?"

आईशी असं ते कधी बोलले नव्हते. बोलले आणि निघाले.

बैल घेताना माणूस आधी औताला जुंपून बघतो. शेषरावांनी डॉक्टरही तसाच पारखायचा ठरवला: आधी हातचा रोगी दाखवा. खामगावचा एक डॉक्टर पातळ केलेलं मेण सुईनं कातडीखाली भरायचा. त्याच्या हातचा दुकानदार शेषरावांनी गाठला. वऱ्हाडचा उन्हाळा तो, मेण हनुवटीत थांबतंय कशाला? घसरून गळ्यापाशी गोळा झालं होतं. शेषरावांनी डॉक्टरचा चहासुद्धा घेतला नाही.

नागपूरच्या सर्जननं मोठ्या लढाईत शिपायांचे फुटलेले जबडे सांधले होते. दारावरच्या हवालदाराला त्यानं आत बोलावलं. गोळ्यानं अर्धा जबडा नेलेला तो माणूस आता कडक भाकरी चावत होता. शेषरावांनी त्याची हनुवटी स्वतः चाचपून पाहिली आणि मान डोलावली.

"तुमची ही कुणाची?" सर्जननं विचारलं.

"बापाची."

"जखम नाही, रोग नाही. बापाचं तोंड कापायला आलात?" माणूस फटकळ होता. बरगडीचं कोवळं हाड काढून बसवतो म्हणाला, पण उद्या पहिल्यासारखं करून मागितलं तर होणार नाही, हेही बजावलं. शेषराव हसले. पहिल्यासारखं मागायला ते काही वेडे नव्हते.

काम फक्कड झालं. पोळ्याला शेषराव गुळगुळीत दाढी करून, नवी हनुवटी पुढे काढून तोरणाखाली उभे राहिले. म्हण आता झडती, असं त्यांनी डोळ्यांनीच उकंडरावाला डिवचलं.

उकंडरावानं झडती म्हटली नाही. पुढे येऊन त्यानं मानाच्या जोडीचा कासरा धरला आणि गावाकडे वळून शांतपणे विचारलं, "ज्याले बापाचं तोंड नको, त्याले बापाचा मान काऊन पाह्यजे?"

शेषरावांनी महादेवरावांकडे पाहिलं. भगवानरावांचे जिवलग ते, दर साली जोडीला गुलाल तेच लावायचे. म्हाताऱ्यानं त्यांच्या चेहऱ्यावर कुणाला तरी शोधलं, आणि गुलालाचं ताट घेऊन तो उकंडरावाच्या जोडीकडे गेला. वाट आपसूक मोकळी झाली. तोरण तुटलं. त्या वर्षी कुणीच हसलं नाही, आणि शेषरावांना ते हसण्याहून जास्त झोंबलं.

अन्नपूर्णाबाई दारात पुरणपोळ्या घेऊन उभ्या होत्या. वाजंत्री उकंडरावाच्या घराकडे वळलेली त्यांनी ऐकलीच होती. त्यांनी दोन्ही बैलांना भरवलं. मग लेकाची हनुवटी बोटांत धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि परक्याचं बघावं तसं बघितलं.

"साजरं झालं तुहं तोंड," त्या म्हणाल्या. "माह्यं काळं करून."

आणि रिकामं ताट घेऊन आत गेल्या.