काव्याचा गुच्छ

सिद्धप्पा तीस वर्षं भवानी पेठेत फुलं विकत होता आणि वाळक्या फुलांचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. पोरगी काव्या असली फुलं मागवून गुच्छ बांधायला लागली, तेव्हा तो फाडकन म्हणाला होता, "आता आपण वाळकी फुलं इकायची व्हय? लोक तोंडात शेण घालतील!" काव्या नुसती हसली. पहिला गुच्छ तिनं आईच्या खाटेशेजारी लावला. दुसरा बांधायची वेळच आली नाही. चिंचोळीला कामावर जाताना टेम्पोनं तिला उडवलं.

तेव्हापासून त्या गुच्छात तिच्या आईचा, काशम्माचा जीव. रोज मऊ ब्रशनं धूळ झटकायची, ऊन आत यायच्या आधी पडदा ओढायची. वैशाखात बहिणीच्या ऑपरेशनसाठी तिला करकंबला जावं लागलं, तेव्हा नवऱ्याला दहादा बजावलं, "ऊन लागू देऊ नका. पाण्याचा हात तर लावूच नका."

"अगं, कळतंय की मला! फुलांतच जन्म गेला माझा."

तिथंच घात झाला. पत्रा तापून घराची भट्टी झालेली. दोन-चार पाकळ्या गळलेल्या सिद्धप्पानं बघितल्या. दुकानात जरा गारवा असतो म्हणून त्यानं गुच्छ तिकडं नेला आणि शेवंतीच्या पाटीत उभा केला. दुकान बंद करताना सगळ्या पाट्यांवर पाणी मारलं, वर ओलं पोतं टाकलं. हात रोजच्यासारखे चालले. डोकं कुठं होतं देव जाणे.

सकाळी पोतं उचललं तर गुच्छाचा लगदा! जांभळा रंग पार दोऱ्यापर्यंत उतरलेला. लवकर वाळावा म्हणून त्यानं तो घाईघाईनं फळीवर उन्हात ठेवला. बाराला बघतो तर काळा पडलेला, हात लावला की भुगा. काशम्मा संध्याकाळच्या एसटीनं यायची होती. समोरून घंटागाडी आली. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि सगळं तिच्यात टाकलं.

मग सात रस्ता चौकापर्यंत पायपीट करून त्यानं तशीच फुलं शोधली. जांभळी बारकी फुलं, गव्हाच्या ओंब्या, पांढरे तुरे. दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, यांना पाणी घालायचं नाही हं. उन्हातही नको." त्यानं पैसे मोजले. घरी येऊन गुच्छ बांधला. हुबेहूब झाला मेला! क्षणभर त्याला वाटलं, निभावलं.

काशम्मा आली ती हातातल्या पिशवीसकट गुच्छाकडं गेली. दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"ही तुमच्या हाराची गाठ हाय," ती म्हणाली. "पोरीला ती कवाच जमली न्हाय. ती बुटाच्या नाडीवानी बांधायची."

सिद्धप्पा भिंतीला टेकून खाली बसला. खोटं बोलायचं बळच उरलं नव्हतं. पाणी, ऊन, सगळं सांगून टाकलं. काशम्मा ओरडली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, "तिचं कुटं हाय?"

देवावरून उतरलेलं बेलाचं पानसुद्धा कचऱ्यात न टाकणारा माणूस तो. पुटपुटला, "घंटागाडीत."

"तळ्यात तरी सोडायचं व्हतं की हो," काशम्मा म्हणाली आणि खाली न ठेवलेली पिशवी घेऊन तशीच पुन्हा एसटी स्टँडकडं निघाली.