काचेच्या कपाटातली अक्षरपेटी

साहेब, तुम्ही मला कोंडलंत. चोराने कोंडलं असतं तर मी समजू शकले असते. तुम्ही शाळा चालवता, आणि शाळेतच मुलांच्या हातातली वस्तू काढून घेऊन काचेच्या कपाटात घातलीत. वर पाहुण्यांना सांगता, "ही आमची वाचनसामग्री." कसली सामग्री? जिला एका मुलाचा हात लागत नाही, ती शोभेची बाहुली. मी हे तोंडावर बोलते आहे. लाकडाला कोणाची नोकरी सांभाळायची आहे?

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हे तुमच्यासाठी नव्हतं. मी एक जुनी अक्षरपेटी आहे. हैदराबादेत जामबागेतल्या एका मराठी शाळेच्या हॉलमध्ये राहते. माझ्या पोटात अक्षरांचे लाकडी ठोकळे आहेत. माझी कहाणी तुम्ही ऐकायलाच हवी, कारण मी तुमच्यासाठी जन्मले आणि तुमच्यापासूनच मला लपवून ठेवलं.

माझा जन्म गौलीगुड्यातला. बस अड्ड्यामागच्या गल्लीत एक सुतार दारं-खिडक्या करायचा. उरलेल्या सागवानातून त्याने मला घडवलं. पहिलीच्या भारतीबाई शाळा सुटली की त्याच्या दुकानात जाऊन बसायच्या. सुताराला मराठी वाचता येत नव्हतं. बाई कागदावर अक्षर काढून द्यायच्या आणि तो कोरता कोरता विचारायचा, "अम्मा, ये कायका आवाज है?" बाई आवाज काढून दाखवायच्या, तोही काढायचा, आणि दुकानासमोरून जाणारी माणसं थांबून बघायची. काना, वेलांटी, मात्रा यांचे ठोकळे वेगळे केले. त्यांना बाजूला खाच ठेवली. अक्षराला जोडता यावेत आणि सोडवताही यावेत, म्हणून.

भारतीबाईंनी मुलांना क पासून ज्ञ पर्यंत कधी घोकायला लावलं नाही. त्या आधी म, क, ल, र एवढेच ठोकळे काढायच्या आणि सोबत काना द्यायच्या. तेवढ्यावर मामा होतो, काका होतो, कमल होतं. ठोकळा उचलायचा, त्याचा आवाज काढायचा, शेजारी दुसरा ठेवायचा आणि दोन्ही आवाज न तोडता जोडायचे. मग एकच ठोकळा बदलायचा. 'काल'चा 'माल' झाला, 'माल'चा 'लाल' झाला! मूल स्वतःवरच खूश व्हायचं. पहिल्या वेलांटीवरून मात्र रोज भांडण व्हायचं. ती डोळ्याला आधी दिसते आणि तोंडातून नंतर निघते. बाई ती हातात धरून म्हणायच्या, "ही आगाऊ आहे. रांगेत पुढे घुसते, पण नंबर हिचा मागचाच."

त्या वर्षांत मी मळले, माझे कोपरे झिजले. माझ्या ळ वर एका पोराच्या दातांच्या खुणा आहेत. तसं सुख मला पुढे कित्येक वर्षं मिळालं नाही.

भारतीबाई निवृत्त झाल्या आणि साहेब, तुम्ही मुख्याध्यापक होऊन आलात. ठोकळे हरवतात म्हणून मला कपाटात ठेवलंत आणि किल्ली तुमच्या खिशात गेली. वर्गात एका सुरातलं वाचन सुरू झालं. एक मूल पुढे, बाकीची त्याच्या मागून. बोट ओळीवर, डोळे छताकडे. आमची पोरं घरी मराठी बोलतात, गल्लीत दखनी, दुकानावर तेलुगू. त्यांचे कान इतके तयार की दोनदा ऐकलं की धडा तोंडपाठ. ते पाठ म्हणणं तुम्ही वाचन समजलात. मी काचेतून ओरडत होते. लाकडाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

तिसरीतली शिवानी काचीगुड्याहून यायची. वाचनस्पर्धेत तिला बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही तिच्या पाठीवर थाप मारलीत. पुढच्याच पालकसभेला आईबाप ड्युटीवर होते, म्हणून तिची आजी कोंडाबाई आली. हातात लग्नाची पत्रिका होती.

"सायेब, नातीला बक्षीस दिलंत. मंग ही पत्रिका तिच्याकडून वाचून घेते. नांदेडहून भाच्यानं धाडली. मला अक्षर येत न्हाई."

शिवानीने पत्रिका धरली. वर बुद्धांचं चित्र, खाली निळी अक्षरं. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "धडा चौथा. आमची बाग. आमच्या बागेत लाल फुले आहेत. बागेत कारंजे आहे."

"अगं, काय वाचायलीस? लग्नात कारंजं कुठून आलं? नवरीचं नाव सांग की!"

बोट पुढे सरकलं. "बागेत माळीकाका आहेत."

"माळीकाका नवरदेव हाय का?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि हॉलभर हशा पिकला. शिवानीला कळेचना काय चुकलं. तिला वाचन म्हणून हेच शिकवलं होतं. समोर कागद, कागदावर बोट आणि तोंडात धडा.

तुम्ही म्हणालात, "आजी, मुलीत दम नाही. दिवाळीनंतर एकदा मी स्वतः वाचून घेईन. नाही जमलं तर नाव काढून दुसरी शाळा बघा."

"मागल्या महिन्यात बक्षीस दिलंत, तवा दम होता का?" कोंडाबाईने पत्रिका घडी करून कमरेला खोचली. "आमच्या घरात ह्या पोरीच्या बापानं पहिल्यांदा अक्षर गिरवलं, सायेब. मी अंगठा लावला. ही अंगठ्यावर परत जाणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिसरीच्या सायलीबाई तुमच्यासमोर उभ्या राहिल्या. शाळेत त्यांना वर्षही झालं नव्हतं.

"सर, मी एकेका मुलाला जवळ बसवून अनोळखी ओळ वाचायला दिली. अर्धा वर्ग अडकला. मला पेटी हवी."

"आपण नाही का शिकलो एका सुरात म्हणत?"

"आपल्या वर्गातले जे शिकले नाहीत, ते आज इथे बोलायला नाहीत, सर. लोकांनी वेगवेगळ्या तऱ्हेने शिकवून, मुलांची परीक्षा घेऊन पाहिलंय. अक्षराचा आवाज थेट शिकवला, आवाज जोडायला शिकवले, तर जास्त मुलं वाचायला लागतात. आणि ज्याचं जिथे अडतं, तिथूनच त्याला सुरुवात करून द्यावी लागते. मग तो तिसरीत असो."

"एक जरी ठोकळा हरवला तर तुम्ही जबाबदार," असं म्हणून तुम्ही किल्ली टेबलावर टाकलीत.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला वारा लागला! अडकणाऱ्या मुलांचा गट रोज थोडा वेळ माझ्याभोवती बसायचा. शिवानीला आधी राग आला.

"बाई, ये तो पहिलीच्या पोरांचं आहे. मला धडे येतात ना."

"धडे येतात. अक्षरं भेटली नाहीत अजून. हल्लू हल्लू भेटू त्यांना."

सोपं नव्हतं. सवयीने ती पहिला ठोकळा बघायची आणि पुढचा शब्द ठोकून द्यायची. सायलीबाई नुसतं म्हणायच्या, "शेवटचा ठोकळा काय म्हणतोय, ते तर विचार त्याला." मग ती परत मागे यायची. एकदा चिडून तिने मला उलटी केली, सगळे ठोकळे फरशीवर. स्वतःच गोळा करायला बसली आणि गोळा करता करता प्रत्येकाचा आवाज काढत गेली. त्या दुपारी तिने कपाटावरच्या पाटीकडे बघितलं. "हा... त. हात. ला... वू. लावू. न... ये." ती वळली. "बाई, हात लावू नये. कुणाला म्हणायलेत हे?"

सायलीबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. "आपल्याला नाही. तू लाव."

मग एकदा नातीला न्यायला आलेल्या कोंडाबाईने जपून ठेवलेली ती पत्रिका कमरेची काढली आणि शिवानीने नवरीचं नाव सोडवलं. सा, रि, का. आगाऊ वेलांटी तिने बरोबर मागे ढकलली. आजी शाळेच्या पायरीवर बसून ते नाव पुन्हा पुन्हा वाचून घेत राहिली.

दिवाळी झाली. साहेब, तुम्ही हॉलमध्ये खुर्ची टाकलीत. मी शेजारच्या टेबलावर होते, म्हणून मला सगळं दिसलं. तुम्ही मांजरीचा धडा उघडलात. शिवानीला तो तोंडपाठ होता. तिने डोळे मिटून म्हटला असता तरी तुम्ही खूश झाला असता, आणि तिलाही ते ठाऊक होतं. ती सायलीबाईंकडे बघून पुस्तकावर वाकली.

"मां... जर. मांजर. चु... ली... मागे..."

"आधी फडाफडा वाचायची ही!" तुम्ही सायलीबाईंना म्हणालात. "बघा, काय करून ठेवलंत तिचं."

"चुलीमागे झोपले," शिवानी म्हणाली.

"चुलीमागे गुपचूप झोपले," तुम्ही दुरुस्त केलंत. वर्ग तसंच म्हणतो. वर्षानुवर्षं त्याच सुरात म्हणतो.

तिचं बोट त्या ओळीवरून पुन्हा हळूहळू फिरलं. "सर, इथं गुपचूप न्हाई."

"सगळे म्हणतात ते चूक आणि तू बरोबर?"

"हौ सर. बुकात न्हाई."

तुम्ही पुस्तक मिटलंत. ओळीकडे बघितलंसुद्धा नाही. "उद्धट झाली आहे. आजीला बोलवा, नाव काढू." आणि मला उचलून परत कपाटात घातलंत. दोन ठोकळे खाली पडले होते. तेही कोणी उचलले नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सांगतात. मी उलटं सांगते. मला जपू नका. मला मळवा, चावा, झिजवा, हरवा. हरवलेला ठोकळा नवा करता येतो. वाचायला न शिकलेलं वर्ष नवं करता येत नाही.

साहेब, उद्या कोंडाबाई येणार आहे आणि ती मान खाली घालून उभी राहणार नाही. त्याच्या आधी ते पुस्तक उघडा. ओळीवर बोट ठेवा, एकेक अक्षर बघा. 'गुपचूप' आहे का तिथे? मग शिवानीचं नाव कोणत्या गुन्ह्यासाठी काढताय? तेव्हा हॉलमध्ये वाचत कोण होतं, ती की तुम्ही? उत्तर द्या.