ठशावर उपडं घातलेलं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे आणि सध्या मुद्देमाल आहे. वन विभागाच्या ज्या खोलीत मला ठेवलं आहे, तिथे माझ्यासकट सतरा वस्तू आहेत. अकरा कुऱ्हाडी, दोन करवती, तारेचे तीन फास आणि मी. माझ्या काठाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे आणि गाठीवर लाखेचा शिक्का आहे. चिठ्ठीवर माझा व्यास लिहिला आहे, पंचेचाळीस सेंटिमीटर. त्याआधी मला कुणी कधी मोजलं नव्हतं.

माझा पत्रा पूर्वी तेलाच्या एका पिंपाचा होता. जालन्यात तो कापला गेला, साच्यात दाबला गेला आणि मला खोलगट पोट मिळालं. मंठ्याच्या आठवडी बाजारात गोजरबाईंनी मला बोटांनी वाजवून विकत घेतलं. त्यांच्या घराच्या भिंतींचा सगळा गारा माझ्यातून गेला. घर झालं तेव्हा गवंडी म्हणाला होता, "बाई, घमेलं तेवढं भारी आणलं तुम्ही." माझ्या आयुष्यातली ती एकच स्तुती. पुढे बारा वर्षं मी शेण वाहिलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

गोजरबाईंच्या गोठ्यात एक करडू धरून सात शेळ्या होत्या. मुलगा कल्याण शेत पाही, सून दैवशाला घर पाही, आणि शेळ्या मात्र फक्त गोजरबाईंच्या. प्रत्येकीला नाव होतं आणि त्या हाकेला ओ देत.

गेल्या मे महिन्यातली ती सकाळ मला पक्की आठवते. गोजरबाई नेहमीसारख्या उजाडायच्या आधी उठल्या. त्यांनी माझ्यात शेण कालवलं आणि गोठ्याच्या दारापासून रस्त्यापर्यंत सडा घातला. मग अंगण झाडलं. ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. सगळं स्वच्छ झाल्यावर त्यांनी गोठ्याचं दार उघडलं. आत दोन शेळ्या मरून पडल्या होत्या आणि एक करडू नव्हतं. कुडाच्या वर, छपराखाली हातभर फट होती. जनावर तिथूनच आलं आणि गेलं असणार.

कल्याणने वन विभागाला फोन लावला. वनरक्षक आकांक्षा यांचा पहिलाच प्रश्न होता, "पायाचे ठसे आहेत का?"

ठसे होते, मित्रांनो. ओल्या शेणाखाली होते. ते पुसण्याचं काम मीच केलं होतं.

शोधता शोधता दैवशालाला पाण्याच्या हौदामागे एक ठसा सापडला. तिथे सडा पोचला नव्हता. आकांक्षा फोनवर म्हणाल्या, "त्याच्यावर काहीतरी उपडं घाला. मेलेल्या शेळ्याही हलवू नका. पंचनामा झाल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही."

अशा रीतीने मी त्या ठशावर उपडा झालो. माझ्या पोटाखाली मऊ धुळीत तो पंजा होता. मागच्या गादीला तीन फुगवटे होते, पुढे चार बोटं, आणि नखांची एकही खूण नव्हती. कुत्र्याची नखं उमटतात, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. मला खात्री होती. पण पंचनाम्यात घमेल्याची साक्ष घेत नाहीत.

आकांक्षांकडे तेवीस गावं होती. त्या यायच्या आधी सगळं गाव आलं. शेजारचा बद्रीनाथ पहिला.

"काकू, जरा उचलून बघू द्या की."

"मॅडम न्हाई म्हणल्यात बाबा."

"मी काय खाऊन राह्यलो का ठसा? बघतो अन् ठेवतो." त्याने मला उचललं आणि निरखून पाहिलं. "काकू, हे तर कुत्र्याचं हाय. उगं बिबट्या बिबट्या करून राह्यल्या तुम्ही."

"तुझं कुत्रं कुडावरून उडी मारतं का रे बद्री?" गोजरबाई म्हणाल्या.

त्याच्यानंतर मोबाइल घेऊन बाकीचे आले. मला एकूण चौतीस वेळा उचललं गेलं. दर खेपेला माझ्या काठावरची माती आत पडली. कुणी ठशाशेजारी आगपेटी ठेवून फोटो काढला, तर कुणी आपला पंजा टेकवून मापून पाहिला. आत शेळ्या फुगत होत्या. गोजरबाई पदराने माशा वारत त्यांच्याजवळ बसून होत्या. जेवायलासुद्धा त्या उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आकांक्षा आल्या, सोबत जनावरांचे डॉक्टर. उकाड्याने माना इतक्या सडल्या होत्या की दातांच्या खुणा डॉक्टरांना वाचता येईनात. आकांक्षांनी मला अलगद उचललं, गुडघ्यावर बसल्या आणि पट्टी लावली. मग पट्टी तशीच परत खिशात घातली. त्यांनी लिहिलं : ठसा एक, अस्पष्ट. प्राणी निश्चित नाही.

कल्याणने विचारलं, "मंग पिंजरा कधी लावता मॅडम?"

"दादा, ठसा नीट असता तर कॅमेरा लावता आला असता, पुढं पत्र पाठवलं असतं. पिंजऱ्याची परवानगी नागपूरच्या मोठ्या साहेबांकडून येते. तीही माणसाच्या जिवाला धोका असला तरच. शेळ्यांसाठी कायद्यात पिंजरा नाही. छपराखालची फट आधी जाळीनं बंद करा."

"म्हणजी शेळ्यानं भागत न्हाई. माणूस लागतो."

"मंग मी झोपते गोठ्यात," गोजरबाई म्हणाल्या. "मला खाल्लं की बराबर लिहून घ्या."

आकांक्षा हसल्या नाहीत. जाताना त्या कल्याणला म्हणाल्या, "शेळ्या खोल पुरा. अन् विषाच्या भानगडीत पडू नका. तरस असो, बिबट्या असो, किमान तीन वर्षांची शिक्षा आहे."

कल्याणने एक शेळी पुरली. दुसरीसाठी त्याने कपाशीवर फवारायचं विष माझ्यात कालवलं. दैवशालाने त्याचा हात धरला. "जाळी आणा ना, उगं हे कशाला?" तो म्हणाला, "जाळीनं बिबट्या मरत न्हाई." त्याने मला आणि त्या मेलेल्या शेळीला नाल्यावर नेलं, विष शेळीच्या मांसावर ओतलं आणि मला तिथेच टाकून दिलं.

सकाळी नाल्यात तरसाची एक मादी मेलेली सापडली. पलीकडे बद्रीनाथची दोन कुत्री मरून पडली होती. तरस मेलेलं खातं. कुडावरून उडी मारून शेळी उचलणं त्याचं काम नाही.

त्या दिवशी दोन तासांत तीन गाड्या आल्या. मी मोजली, अकरा माणसं होती. तरसाभोवती दोरी बांधली, कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. टेपने प्रत्येक गोष्ट मोजली. माझ्या पोटातला पांढुरका थर खरवडून बाटलीत भरला. बद्रीनाथने पंच म्हणून सही केली. कल्याणला गाडीत बसवलं तेव्हा गोजरबाई आकांक्षांना म्हणाल्या, "बाई, माझ्या शेळ्या मेल्या तवा का न्हाई आणली ही दोरी?" आकांक्षा खाली पाहत टेप गुंडाळत राहिल्या.

मित्रांनो, माझं एक ऐका. ठशावर कुणी भांडं उपडं घातलेलं दिसलं, तर ते उचलू नका. तुम्ही एकदाच पाहता, पण तुमच्यासारखे चौतीस असतात. कुडावरची फट शेळ्या जिवंत असताना बुजवा. ज्या भांड्याने घर बांधलं, त्यात विष कालवू नका. आणि तुमच्यातलं कुणी मोठेपणी नियम लिहायला बसलं, तर पहिली शेळी मरते त्या दिवसासाठीही एक ओळ लिहा. मी हे रागाने सांगतो आहे. मला गंज चढू लागला आहे आणि खटल्याची तारीख पुन्हा पुढे गेली आहे.

काल आकांक्षा या खोलीत आल्या. माझ्याशेजारी उभ्या राहून त्यांनी गोजरबाईंच्या गोठ्याचा नवा पंचनामा फोनवर साहेबांना वाचून दाखवला. मृत शेळ्या दोन. स्पष्ट ठसे चौदा. पुढचा डावा पंजा, लांबी आठ सेंटिमीटर, रुंदी साडेसात. नखांच्या खुणा नाहीत. शिल्लक शेळ्या दोन.