जिन्यातला गुरुवार

पाकिटावर तिचं स्वतःचं नाव होतं, अख्खं, आडनावासकट. पोस्टमनने ते दारात मोठ्याने वाचलं तेव्हा सासूबाई ‘अशी कुणी नाही इथे’ म्हणता म्हणता जीभ चावून थांबल्या. दूधवाल्यापासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत सगळ्यांची ती ‘ठकीची आई’ होऊन सव्वा वर्ष झालं होतं. खुद्द नवराही फोनवर तसंच म्हणायचा.

आत पत्र होतं. संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. निवड झालेल्यांनी गुरुवारी दहा ते चार या वेळात कॉलेजात यावं, आवार पाहावं, शिक्षकांना भेटावं आणि विभागात सही करून जागा पक्की करावी. जो येणार नाही, त्याची जागा यादीतल्या पुढच्याला जाईल.

गुरुवारला बारा दिवस होते. कॉलेज बसने दोन तासांवर. म्हणजे सकाळी सातला निघायचं आणि संध्याकाळी सहाला परत. अकरा तास.

अकरा तासांचं काही नव्हतं, जगातल्या बाया जातातच की. पण ठकी श्वास धरायची. दहाव्या महिन्यापासून हे सुरू झालं. काहीतरी बिनसायचं, खेळणं हातातून काढलं, डोकं आपटलं, की ती रडायला लागायची, आणि रडता रडता आवाज एकदम बंद. तोंड उघडं, ओठ निळे, आणि मग सगळं अंग लुळं पडायचं. अर्ध्या-पाऊण मिनिटाने परत श्वास. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, याने काही होत नाही, मोठी झाली की जाईल. कुशीवर झोपवा, हलवू नका, तोंडात काही घालू नका. ‘आणि पाणी तर मुळीच नाही. शुद्ध नसताना पाणी छातीत गेलं तर मात्र खरंच काहीतरी होईल.’

बाकीचं सगळं तिच्या लक्षात राहिलं, पण कानात बसलं ते हे शेवटचं वाक्य.

“अगं जा ना तू,” सासूबाई म्हणाल्या. शिलाई मशीनवर शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, त्यातून त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं. “मी काय दुधखुळी आहे? तुझ्या नवऱ्याला वाढवलं ना मी. तो तर खिळे खायचा.”

“आई, मला एकदा म्हणून दाखवा. झालंच तर काय करायचं?”

“कुशीवर घालायचं. हलवायचं नाही. पाणी नाही. मनात आकडे मोजायचे.” शाळकरी पोरीसारखं त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं. “झाले पास?”

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

तिने तालमी आखल्या. सोमवारी एक तास, बुधवारी दोन, शनिवारी पाच. एवढ्या वेळात ठकीला एकदा तरी होणार, सासूबाई निभावणार, आणि आल्या आल्या सांगणार, ‘झालं गं, पण सावरलं.’ तेवढंच तिला ऐकायचं होतं. ते एक वाक्य ऐकलं की ती अकरा तासच काय, दोन वर्षं जायला तयार होती. होणारच नाही असं तिला कुणी सांगायला नको होतं. झालं तर मला खरं कळेल, एवढी खात्री हवी होती.

सोमवारी ती ‘बाजारात जाऊन येते’ म्हणून निघाली आणि जिना उतरण्याऐवजी वर चढली. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. तिसऱ्यावरचं बिऱ्हाड कधीच सोडून गेलेलं, त्यामुळे मधल्या वळणाच्या पायरीवर कुणी फिरकत नसे. तिथे बसलं की स्वयंपाकघराच्या जिन्याकडे उघडणाऱ्या झडपेतून घरातलं सगळं ऐकू यायचं. आपण हे बरं करत नाही, हे तिला कळत होतं. तरी ती बसली.

पंचविसाव्या मिनिटाला ठकी रडायला लागली. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि कात्रीने कापावा तसा तुटला.

साधं रडणं थांबतं तेव्हा हुंदके राहतात, नाक ओढणं राहतं. इथे काहीच राहिलं नाही. ती उठली आणि कठडा धरून मोजायला लागली. खाली मशीन थांबलं. “ठके! ए ठके! बघ ना गं इकडे!” भांडं आपटलं, पाण्याचा आवाज आला. एकतीस, बत्तीस. मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक सूर. ती परत पायरीवर बसली.

तास भरल्यावर ती घरात शिरली तेव्हा ठकी सतरंजीवर बसून रिकामं रीळ चोखत होती. अंगात दुसरा फ्रॉक. केस ओले.

“गुणाची आहे माझी बाय,” सासूबाई म्हणाल्या. “हूं नाही की चूं नाही.”

“फ्रॉक बदललात?”

“पेला उलटवला बाईसाहेबांनी.”

तिने ठकीला उचलून छातीशी धरलं. “आई, काही झालं असेल तर सांगा हं. मी घाबरणार नाही.”

“आता काही झालंच नाही, तर काय सांगू? मनचं रचू?” आणि सासूबाईंनी सुईत दोरा घालायला घेतला. तो काही केल्या जाईना.

बुधवारीही तेच. मोजणं अडतीसपर्यंत गेलं. पुन्हा पाण्याचा आवाज. पुन्हा ‘हूं नाही की चूं नाही’. शनिवारी दोनदा.

शनिवारी नवरा घरी आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट वर-खाली करून संध्याकाळी स्वतःच्या घरी जिना चढून धापा टाकत यायचा, यावर शेजाऱ्यांचे सगळे विनोद करून झाले होते.

“म्हणजे तू जिन्यात बसून ऐकत होतीस?” त्याने बुटाची नाडी सोडता सोडता मान वर केली. “पाच तास?”

“मुद्दा तो नाहीये.”

“आईला कळलं तर मुद्दा तोच होईल.”

“अरे, त्या पाणी मारतात तिच्या तोंडावर. आणि मला सांगतात काही झालं नाही.”

“घाबरत असेल ती. आणि तू जावंस म्हणून बोलत नसेल. यात वाईट काय आहे?” तो दमला होता. “सरळ विचार की तिला.”

“सांगतील असं वाटतं तुला?”

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. आपल्या आईला तो तिच्यापेक्षा जास्त ओळखत होता.

“एक दिवसाचा तर प्रश्न आहे,” शेवटी तो म्हणाला.

“दोन वर्षांचा आहे.”

“मग तू ठरव.” हे त्याने चांगल्या मनाने म्हटलं. तिला वाटलं, याने चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

रविवारी तिने विचारायचंच असं ठरवलं. सासूबाई काजं करत बसल्या होत्या. ती समोर बसली, बटणांचा डबा जवळ ओढला, आणि तोंड उघडणार तोच त्याच बोलल्या.

“मला कुणी कधी कुठे जा म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी गेले नसते म्हणा. भित्री होते मी. अजून आहे.” त्यांनी दाताने दोरा तोडला. “तू जा बाई. नाक्यावरच्या कापडवाल्याला सांगून आलेय मी, सून एम.एस्सी. करणार म्हणून. तो म्हणे, शिकून काय करणार? म्हटलं, तुझी मापं बरोबर आहेत का ते बघणार!”

दोघी हसल्या. बोलायचं ते राहून गेलं. त्यांना खोटं पाडलं तर त्या आणखी घाबरतील. आणि नाही पाडलं, तर आपण दोन तासांवर बसलेलो असताना फोनवर ‘गुणाची आहे’ असं ऐकत राहू, आणि ते कसलं ‘गुणाची आहे’ हे कधीच कळणार नाही. काय करावं या प्रेमाला? तिने खूप उलटसुलट करून पाहिलं. कुठूनच वाट निघेना.

नवऱ्याला रजा मिळण्यासारखी नव्हती, पाळणाघर म्हटलं तर तिथल्या बाईंनी ‘निळी पडते’ एवढं ऐकूनच हात जोडले होते. ते सगळं तिने आधीच करून पाहिलं होतं.

गुरुवारी सातला ती निघाली. ठकी झोपलेली होती. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. “सही नीट कर. घाईत गिरगटू नकोस.”

ती खरोखरच थांब्यावर गेली. बस आली, दार उघडलं. पुढची माणसं चढली. तिने एक पाय पायरीवर ठेवलाही.

“ताई, येताय का उतरताय?” वाहक म्हणाला.

पाय मागे आला. दार मिटलं. तिने पुढची बस सोडली, तिच्या पुढचीही. मग चपला हातात घेऊन ती आपल्याच दारावरून चोरासारखी वर गेली आणि त्या पायरीवर बसली.

साडेदहाला ठकीला एकदा झालं. चौतीस. त्यानंतर जेवण, मशीन, मशीनच्या तालावर सासूबाईंचं बेसूर गाणं, ठकीची टाळी. मग कितीतरी वेळ शांतता, झोपेची. ती मांडीवर पत्र ठेवून बसून होती. आत्ता ते लोक कुठे पोहोचले असतील? कुणीतरी पुढे चालत असेल, बाकीचे मागे, नवी वही उगाचच छातीशी धरून.

पावणेतीनला काहीतरी पडलं आणि ठकी किंचाळली. आवाज तुटला. तीस झाले. चाळीस झाले. ती धावत खाली आली आणि तिने बेलकडे हात नेला. पंचेचाळीस. आत पाणी नव्हतं वाजत. आत काहीच नव्हतं. एकावन्नला तो बारीक सूर आला, आणि पाठोपाठ सासूबाईंचं रडणं. तिने ते कधी ऐकलेलं नव्हतं.

“माझी बाय ती... आली गं आली. आईला सांगायचं नाही हं. ती मग जायची नाही. आपलं गुपित.”

तिचा हात बेलवर तसाच राहिला. दाबली असती तर एका क्षणात सगळं उघडं झालं असतं. सासूबाई दारात उभ्या, ओल्या डोळ्यांनी, आणि समोर ती, अनवाणी. मग कुठल्या तोंडाने दोघींनी एका घरात राहायचं होतं?

ती परत वर गेली. चार वाजले. पाच वाजले. सहा वाजता तिने चपला घातल्या, खालपर्यंत उतरली आणि पाय वाजवत चढून आली.

“आलीस!” सासूबाईंनी दार उघडलं. डोळे धुतलेले, पदर सारखा केलेला. “झाली सही?”

“झाली.”

“आणि कॉलेज? मोठंय?”

“खूप मोठं.” तिने ठकीला घेतलं. फ्रॉक दुसरा होता. “ही कशी होती?”

“हिचं काय! हूं नाही की चूं नाही.”

ठकीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि मग दिवसभराचं साठलेलं आठवल्यासारखी एकदम रडायला लागली. रडणं चढलं. तुटलं. ओठ निळे झाले.

तिने ठकीला सतरंजीवर कुशीवर घातलं. सासूबाई शेजारी टेकल्या. कुणी हलवलं नाही, कुणी पाणी आणलं नाही. दोघींचे ओठ हलत होते, आकडे एकच होते. सव्वीसला ठकीने श्वास घेतला.

सासूबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. “आज दिवसभरात हे पहिलंच, बघ.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही. त्या अगदी मनापासून सांगत होत्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत, तू जा, काळजी करू नकोस.

“हो,” ती म्हणाली. “बरं झालं.”

“आता सांग ना. मी कधी आतून बघितलं नाही कॉलेज. काय काय दाखवलं?”

ठकी तिच्या मांडीवर पेंगायला लागली होती. कॉलेजातल्या तिच्या जागेसाठी उद्या यादीतल्या कुणाला तरी फोन जाणार होता. ते घर आनंदाने उड्या मारेल.

“ग्रंथालय आहे, आई,” ती म्हणाली. “तीन मजली. खिडक्या एवढ्या मोठ्या आहेत, की दिवसा दिवे लावावेच लागत नाहीत.”

“अगं बाई! आणि बसायला?”

“बसायला लांब बाकं आहेत. आपल्याला हवं तितका वेळ बसता येतं. कुणी उठवत नाही.”