उघडं बीकर

"परत करून बघा," प्रयोगशाळेचे साहेब केमिस्टबाईंना म्हणाले.

"तीनदा केलंय, साहेब. माशात मोजून घातलेल्या पाऱ्यातला उघड्या बीकरमध्ये निम्मासुद्धा हाती लागत नाही. तेच झाकणाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवलं, पूर्ण गार झाल्यावर उघडलं, की जवळजवळ सगळा सापडतो."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे जुने रिपोर्ट..."

"माझेच आहेत. अकरा वर्षांचे."

अकरा वर्षं केमिस्टबाई तलावातले मासे तपासत होत्या. मासा वाटायचा, ॲसिड घालायचं, उघडं बीकर हॉटप्लेटवर रटरटू द्यायचं. पद्धत आधीच्या माणसाने घालून दिलेली. बाईंनी ती निमूट चालवली. दिवसात वीस नमुने हातावेगळे करायच्या, त्याचं कौतुकही व्हायचं. पारा उष्णतेने उडून जातो, हे त्यांना कॉलेजपासून तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावर पानभर लिहिलंही होतं.

"तलावावरच्या लोकांना पत्र जाईलच वरून," साहेब म्हणाले. "तुम्ही कशाला अंगावर घेता?"

"मासे आणून देणारा मासेमार दर वर्षी विचारतो, खायला हरकत नाही ना? मीच सांगते, बिनधास्त खा."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या तलावावर गेल्या. मासेमार दारात फाटलेलं जाळं सांधत होता. त्याची बायको बाकावर मासे साफ करत होती. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हे मासे खाऊ नका, सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. आणि चूक माझी आहे, हेही.

बायकोची सुरी थांबली. "सुनेला सातवा लागलाय," ती म्हणाली. "तिला मी मुद्दाम जास्तीचा वाढते."



मासेमाराने जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "पण बाई, पारा माशात होता, तुम्हाला सापडला नाही. मग गेला कुठं?"

"वाफेबरोबर. हवेत."

"कुठल्या हवेत?"

"आमच्या खोलीतल्या. वाफ ओढणारा पंखा निम्मा वेळ बंदच असायचा."

त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आणि तुम्ही तिथंच बसायचात?"

गेले चार दिवस बाईंनी एकेक जुना रिपोर्ट काढून वाचला होता. हे मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"सुनेला घेऊन उद्या दवाखान्यात जातो," मासेमार म्हणाला. "तुम्हीही चला."

 साफ केलेले मासे बायकोने कचऱ्याच्या बादलीत लोटले, बाक ओल्या फडक्याने पुसला आणि बाईंना जागा व्हावी म्हणून थोडी सरकून बसली.